ताबा पावती

सरकार उठलं तर लोक एकमेकांचं ओरबाडून खातील, ही माझी आयुष्यभराची समजूत. ठाणे जिल्ह्यात तलाठी म्हणून नोकरीला लागलो तेव्हा ती पक्की होती आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो तेव्हाही तिचा बराचसा भाग शिल्लक होता. जमीन, पाणी, रेती, जंगल, ज्याच्यावर माणूस जगतो ते सगळं बळकट माणसाच्या घशात जायचं थांबतं ते फक्त सरकारमुळे, त्याच्या कागदामुळे आणि कागदामागच्या पोलिसामुळे, असं मी मानत आलो. सर्वोदयातले मित्र विनोबांच्या शासनमुक्त समाजाबद्दल बोलायला लागले की मी त्यांना विचारायचो, "तुमच्या त्या गावात चार गुंड लाठ्या घेऊन आले आणि म्हणाले, उद्यापासून ही विहीर आमची, तर काय कराल?" मित्र अडखळायचे आणि मी वाद जिंकायचो. प्रश्न खरा होता. तो आजही खरा आहे. पण मी तो उत्तर मिळावं म्हणून विचारत नव्हतो, समोरच्याचं तोंड बंद व्हावं म्हणून विचारत होतो, आणि याची मला आज लाज वाटते.

या समजुतीला आपल्याकडे मोठा आधार आहे. राजदंड नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो, हा मत्स्यन्याय कौटिल्याने सांगितला, महाभारताच्या शांतिपर्वातही तो आहे. इंग्लंडातल्या यादवीच्या काळात लिहिणाऱ्या थॉमस हॉब्जने 1651 साली 'लेव्हायथन'मध्ये जवळपास हेच मांडलं. हे सगळं मी वादात वापरायचो. पण त्याच शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतो की सुरुवातीला राज्य नव्हतं, राजा नव्हता, दंड नव्हता आणि दंड करणाराही नव्हता. लोक धर्माने एकमेकांचं रक्षण करत. पुढे मोह शिरला, लोभ शिरला आणि मग राजा आला. म्हणजे एकाच ग्रंथाने दोन्ही शक्यता समोर ठेवल्या आहेत. मला हवी ती मी उचलली आणि दुसरी वाचूनही बाजूला सारली.

असं का केलं, याचा शोध घेतला तेव्हा जे सापडलं ते मला आवडलं नाही. माझ्या राज्यनिष्ठेच्या तळाशी तुच्छता होती. माझ्या सजात, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, कातकरी आणि ठाकूर आदिवासींचे पाडे होते. ही माणसं अडाणी, यांना उद्याचं कळत नाही, दारूपायी अंगठा देतात, आपण नसतो तर यांचं काय झालं असतं, असं मला मनापासून वाटायचं. मी त्यांच्याशी वाईट वागायचो नाही. रागवायचो नाही, पैसे मागायचो नाही, चावडीत पाणी द्यायचो. त्यामुळे मी स्वतःला त्यांचा रक्षक समजत होतो.

आता ती गोष्ट सांगतो, जी मी घरातही नीट सांगितलेली नाही.

1974 साली महाराष्ट्रात आदिवासींना जमिनी परत देण्याचा कायदा झाला. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासींच्या हातून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी चौकशी करून मूळ मालकाला परत द्यायच्या, असा तो कायदा. कायदा चांगलाच होता. त्याच्याखाली माझ्या सजातल्या एका ठाकूर विधवेच्या बाजूने आदेश झाला. भाताचं एक खाचर आणि वरचा थोडा वरकस. सावकाराने नवऱ्याच्या हयातीत ते धान्याच्या उधारीपोटी घेतलेलं. आदेशाची अंमलबजावणी माझ्याकडे आली. नियम असा की जागेवर जायचं, चतुःसीमा दाखवायच्या, पंचांसमक्ष ताबा द्यायचा आणि मग ताबा पावती करायची.

मी जागेवर गेलो नाही. खाचर रस्त्यापासून लांब होतं, पाऊस तोंडावर होता आणि सावकाराचं घर वाटेत होतं. त्याच्या ओटीवर मला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. तिथेच बाईला बोलावणं धाडलं. ती आली आणि अंगणात उभी राहिली, ओटीवर चढली नाही. मीही तिला चढ म्हटलं नाही. ताबा पावतीवर तिचा अंगठा घेतला, पंच म्हणून सावकाराच्याच दोन माणसांच्या सह्या घेतल्या आणि वर कळवलं: ताबा दिला. सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं. कचेरीच्या त्या महिन्याच्या तक्त्यात एक प्रकरण निकाली निघालं.

पेरण्या सुरू झाल्या तेव्हा तिची मुलं औत घेऊन खाचरात उतरली. सावकाराच्या माणसांनी त्यांना मारलं. थोरल्याचा हात मोडला. बाई चावडीत आली आणि रडली नाही, ओरडली नाही. तिने विचारलं, "भाऊसाहेब, तुम्ही दिलेला ताबा कुठाय?"

मी तिला पोलिसांकडे पाठवलं. तिथे तिला सांगितलं गेलं की जमिनीचा वाद आहे, ही दिवाणी बाब, कोर्टात जा. ती परत माझ्याकडे आली तर मीही तेच सांगितलं. कायदा होता, आदेश होता, सातबारा होता, पोलीस ठाणं होतं आणि माझ्यासारखा पगारी माणूस होता. मी मित्रांना ज्या चार गुंडांची भीती घालायचो ते इथे खरोखर आले होते, आणि अख्खं राज्य हजर असताना त्यांनी खाचर खाल्लं होतं. तरी त्या दिवशी माझ्या डोक्यात काही हललं नाही. मला एवढंच वाटलं की अंमलबजावणी कमी पडते, पोलीस वाढवले पाहिजेत.

हललं ते पुढच्या आठवड्यात. रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी कोतवाल धावत आला, म्हणाला, खाचरावर माणसं जमलीत. शांततेचा भंग होणार म्हणून मला जाणं भाग होतं. या वेळी मी गेलो. ती जमीन मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मी जिचा ताबा दिल्याचं लिहून दिलं होतं, ती जमीन.

चार पाड्यांवरची औतं आली होती. ठाणे जिल्ह्यात एकमेकांच्या शेतावर सावडीने राबायची रीत जुनी आहे. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. तशीच ही माणसं आली होती, फक्त एका दिवशी सगळी एकाच खाचरात. एवढ्या लहान तुकड्यात एवढ्या जोड्या मावत नव्हत्या, म्हणून काही बांधाबाहेर उभ्या होत्या. पुढचं औत निघालं की मागचं आत शिरायचं. बैलांच्या गळ्यातल्या घंटांखेरीज आवाज नव्हता. कुणी घोषणा दिली नाही. एक संघटना या लोकांच्या पाठीशी होती, तिचा एक तरुण कार्यकर्ता होता तिथे, पण तोही एका कडेला चिखलात उभा राहून बांध नीट करत होता.

वरच्या बांधावर सावकाराची माणसं होती, लाठ्या घेतलेली. मी त्यांच्या बाजूला होतो, कारण कोरडी जागा तिथेच होती. मला वाटत होतं, आता डोकी फुटणार. मी मनातल्या मनात पंचनाम्याची सुरुवातही जुळवत होतो.

डोकी फुटली नाहीत. का फुटली नाहीत, हे मी त्या वेळी अगदी जवळून पाहिलं आणि ते समजायला मला पुढची कित्येक वर्षं लागली. लाठी घेतलेल्यांत एक पोरगा होता, सावकाराकडे सालाने राहिलेला. खालून औत हाकत एक म्हातारा वर आला, बांधापाशी बैल वळवायला थांबला आणि त्याने वर पाहिलं. तो त्या पोराचा मामा होता. म्हाताऱ्याने त्याला नावाने हाक मारली आणि विचारलं, आई बरी आहे का. बस, इतकंच. पोराने उत्तर दिलं नाही. थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग बांधावरून उतरून घराकडे चालू लागला. लाठी त्याच्या हातातच होती, तो ती ओढत नेत होता. त्याच्या मागून आणखी एक गेला. उरलेले दोघं-तिघं सावकाराकडे बघायला लागले. सावकार माझ्याकडे बघायला लागला.

तो म्हणाला, "भाऊसाहेब, बेकायदा जमाव आहे, रिपोर्ट करा."

मी म्हणालो, "जमीन बाईची आहे."

हे वाक्य मी ओटीवर खुर्चीत बसून म्हणायला हवं होतं. तेव्हा म्हटलं असतं तर एका माणसाचा हात मोडला नसता. बांधावर म्हटलं तेव्हा त्याला फारशी किंमत नव्हती, कारण निकाल खाली चिखलात लागून गेला होता.

त्या दिवसानंतर ते खाचर त्या बाईच्या घरातून कधी गेलं नाही. आणि माझ्यापुढे एक प्रश्न उभा राहिला, जो मी पुढे वर्षानुवर्षं टाळत राहिलो. ती जमीन नक्की कुणी राखली? औतांनी राखली, हे उघड आहे. कागद असूनही महिनाभर ती गेलेलीच होती. पण कागद नसता तर? सावकार तालुक्याला गेला असता, दुसऱ्या दिवशी गाडीभर पोलीस आले असते आणि औतवाल्यांवरच गुन्हे दाखल झाले असते. तो गेला नाही, कारण सातबाऱ्यावर नाव बाईचं होतं. मी लबाडीने केलेला कागद शेवटी तेवढा उपयोगी पडला. सरकारने जमीन राखली असं म्हणता येत नाही, आणि सरकार नसतानाही राखली गेली असती असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. मला सरळ उत्तर हवं होतं आणि ते मिळत नव्हतं, म्हणून मी विचार करणंच सोडून दिलं. अनेक वर्षं.

पुन्हा विचार सुरू झाला तो वाचनातून. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' मी उशिरा वाचलं. तलासरी-डहाणूचे वारली, त्यांची वेठ, सावकाराकडून लग्नापुरते पैसे घेतले म्हणून नवरा-बायकोने जन्मभर राबायचं ती लग्नगड्याची पद्धत. ऑक्टोबर 1945 मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, तो सरकारच्या पोलिसांनी केला. तेव्हाच्या माझ्याच ठाणे जिल्ह्याचा हा इतिहास, आणि माझ्याच खात्याच्या दप्तरांत त्या जमिनींच्या नोंदी. त्या नोंदींत गोळी दिसत नाही. तिथे फक्त फेरफार क्रमांक दिसतो. हिसकावणं बळाने होतं आणि नंतर कागद त्याला मालकी म्हणतो, हे मी अशा अनेक नोंदींवर रोज बोट ठेवत असूनही मला दिसलं नव्हतं.

नेवाळीचं तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने धावपट्टीसाठी कल्याण-अंबरनाथ पट्ट्यातल्या नेवाळी परिसरातल्या गावांची दीड हजार एकरांहून जास्त जमीन घेतली. युद्ध संपलं, इंग्रज गेले, शेतकरी जमीन कसत राहिले आणि जमीन परत मिळेल म्हणून वाट पाहत राहिले. संरक्षण खात्याने तिथे कुंपणभिंत घालायला घेतली तेव्हा 22 जून 2017 रोजी रस्ता पेटला, पोलिसांच्या गाड्या जळल्या, छऱ्यांनी माणसं जखमी झाली. गाड्या जाळणं मला मान्य नाही. पण मी तेव्हा आंबिवलीत घरी बसून टीव्हीवर ते पाहताना स्वतःला विचारलं, की यातलं बळाने घेणारं कोण? 1942 च्या सुमाराला लाठी घेऊन आलेलं कोण होतं? माझ्या जुन्या प्रश्नातले चार गुंड कधी कधी गणवेशात येतात, ही शक्यता मी कधी धरलीच नव्हती.

मग मला वाटायला लागलं की सरकार ही कटकटच नको. एका टोकावरून मी थेट दुसऱ्या टोकाला गेलो. त्याला निमित्त झालं मेंढा-लेखाचं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं हे गोंडांचं छोटंसं गाव, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा ज्याने दिली. तिथे बहुमताने निर्णय होत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत ग्रामसभा बोलत राहते. कागद गिरणीसाठी होणारी बांबूतोड या गावाने अडवली. घोटुल, म्हणजे तरुणांचं एकत्र जमायचं घर, बांधलं तर लाकडासाठी परवानगी नाही म्हणून वनखात्याने ते मोडलं, तेव्हा आसपासच्या गावांनीही आपापली घोटुलं उभी केली. खातं किती मोडणार? हे वाचताना मला ते खाचर आठवलं, एकामागून एक आत शिरणारी औतं आठवली.

पण मेंढा-लेखाची गोष्ट तिथे संपत नाही आणि ज्या भागाकडे माझं लक्ष उशिरा गेलं तो भाग मला जास्त शिकवून गेला. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळूनही बांबू गावाबाहेर नेता येत नव्हता, कारण वाहतुकीचा पास देणं खात्याच्या हातात होतं. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. गावातले देवाजी तोफा आणि त्यांचे साथी मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखी माणसं इतकी वर्षं त्या कागदामागे लागली होती. स्वतःला सरकार म्हणवणाऱ्या गावालाही तो कागद लागला. आणि कागद मिळायच्या कितीतरी आधी ते जंगल गावानेच राखलं होतं. पुन्हा तेच दुहेरी उत्तर.

निवृत्तीनंतर मी त्या ठाकूर पाड्यावर गेलो. बाई वारली होती. हात मोडलेला मुलगा आता आजोबा झालेला. त्याचा तो हात अजून पूर्ण सरळ होत नाही. मी त्याची माफी मागितली. त्याने ती घेतली की नाही ते मला कळलं नाही, त्याने चहा ठेवायला सांगितला. मग मी त्याला माझा जुना प्रश्न विचारला, या वेळी खरंच उत्तर हवं म्हणून: सरकार नाही, पोलीस नाही, आणि चार गुंड आले विहीर घ्यायला, तर?

तो म्हणाला, "भाऊसाहेब, कुठल्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं ते गुंडाला काय ठाऊक? गावातलाच कुणी दाखवतो. त्याला आधी बसवून विचारायचं, बाबा, तुझं काय अडलंय."

मी इतकी वर्षं बाहेरून येणाऱ्या चौघांकडे बघत होतो. त्याने आतल्या एकाकडे बोट दाखवलं. लाठी खाली घेऊन घरी गेलेला तो पोरगा आतला होता. माझ्या ताबा पावतीवर पंच म्हणून सह्या करणारे दोघे आतले होते. आणि मीही आतलाच होतो, सरकारच्या आतला. सावकाराला वाट मी दाखवली होती.

हे डोक्यात घेऊन मी रेतीकडे पाहिलं तेव्हा माझा नवा उत्साहही ओसरला. कल्याणच्या रेतीबंदरापासून मोठागाव, कोपर, दिवा, मुंब्र्यापर्यंतच्या खाडीत पूर्वी हातपाटीने रेती निघायची. होडीतून बुडी मारायची, पाटी भरायची, वर यायचं. माणसाच्या दमाला जेवढी निघेल तेवढीच. पुढे सक्शन पंप आले, बार्ज आल्या, रात्रीचा उपसा सुरू झाला, रुळांच्या कडेचा भराव खचायची वेळ आली. मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्ये राज्यातल्या रेती उपशाला बंदी घातली, तरी रात्रीचे पंप बंद झाले नाहीत. ते पंप पकडायच्या कारवायांत नोकरीत असताना मी असायचो. गॅस कटरने बार्ज कापायची, पंप फोडायचे, पंचनामा करायचा. आम्ही पोचायच्या आत माणसं पाण्यात उड्या मारून पसार झालेली असायची, म्हणजे आमच्यातल्या कुणीतरी आधीच फोन केलेला असायचा. कुणी केला असेल याचा मला अंदाज होता. मी तो कधी बोलून दाखवला नाही. निवृत्तिवेतनाची काळजी होती, हे खरं कारण.

म्हणजे सरकार तिथे पोखरलेलं होतं. पण गाव तरी कुठे शाबूत होतं? खाडीकाठच्या ज्या घरांतले म्हातारे हातपाटीवाले पंपांना शिव्या घालत, त्याच घरांतली पोरं रात्री बार्जवर रोजाने जात. खाचरातल्या भाताची किंमत त्या चार पाड्यांना ठाऊक होती. खाडीतल्या रेतीची किंमत ठाणे-मुंबईच्या इमारती ठरवत होत्या. एवढा पैसा बाहेरून आत यायला लागला की कुणाला बसवून काय विचारणार? बाबा तुझं काय अडलंय, याला उत्तर तयार होतं: मोटरसायकलचा हप्ता. तिथे मामाची हाक चालली नाही. मामाचाच मुलगा बार्जवर होता.

आइसलंडची हकीकत मला याच टप्प्यावर वाचायला मिळाली. सन 930 पासून 1262 पर्यंत त्या बेटावर राजा नव्हता, पोलीस नव्हता. वर्षातून एकदा सगळे जमत, कायदा सांगितला जाई, निवाडे होत आणि निवाड्याची अंमलबजावणी ज्याची त्याने, आपल्या पाठीराख्यांना घेऊन करायची. तीनशेहून अधिक वर्षं हे चाललं, ही काही थोडी गोष्ट नाही. मत्स्यन्याय सांगणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं. मग काही मोजक्या घराण्यांनी सगळ्या सरदारक्या आपल्या हाती गोळा केल्या, आपसांत रक्तपात केला आणि त्यांच्यातलेच काही नॉर्वेच्या राजाचे हस्तक झाले. बेट राजाच्या ताब्यात गेलं ते आतून.

तेव्हा आज माझं म्हणणं असं आहे. सरकार नसलं की लूट होतेच, हे खोटं आहे. ज्यांचं पोट एकाच जमिनीवर, एकाच जंगलावर आहे आणि जे एकमेकांना नावाने हाक मारू शकतात, ती माणसं लूट अडवू शकतात, बहुधा सरकारपेक्षा चांगली. पण बाहेरचं बळ मोठं असेल, किंवा बाहेरचा पैसा घराघरात शिरला असेल, तर त्यांना लांबवरचा कुणीतरी लागतो, ज्याला तालुक्यातल्या दांडग्याची भीती नाही. काळू धरणाच्या वेळी हे मी पाहिलं. टिटवाळ्यावरून येऊन उल्हासला मिळणाऱ्या आमच्या काळू नदीवर, वर मुरबाड तालुक्यात, वनखात्याची मंजुरी नसताना धरणाचं काम सुरू झालं. गावांच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि 2012 मध्ये काम थांबलं. धरण रेटणारं सरकारच होतं, थांबवणारं न्यायालयही राज्याचाच भाग. पण प्रकरण त्या न्यायालयापुढे गेलं तेव्हा हाताशी ठराव होते, आणि ठराव होते कारण गावं आधी एकत्र बसली होती. माझ्या ताबा पावतीसारखे ओटीवर बसून केलेले ते कागद नव्हते.

अजून एक गोष्ट मला सलते आणि तिचं उत्तर माझ्याजवळ नाही. मी राहतो ते आंबिवली. मोहन्याच्या रेयॉन कंपनीच्या भोंग्यावर एके काळी इथली घड्याळं चालायची. 2009 साली तिला टाळं लागलं आणि माणसं पांगली. त्यांच्या जागी जिथे तिथे चाळी उठल्या, इमारती उठल्या, कुठून कुठून कुटुंबं आली. इथे सावड नाही. माझ्या जिन्यात वरच्या मजल्यावर कोण राहतं ते मला नावाने सांगता येणार नाही. पलीकडे डोंबिवलीत पालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून महारेरा या सरकारी नियामकाकडे नोंदवलेल्या 65 इमारती निघाल्या, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. जन्माची पुंजी घालून घर घेतलेल्या माणसांच्या हातात कागद होता, शिक्का होता, नोंदणी क्रमांक होता. सरकारवर विश्वास ठेवायची जी रीत मी आयुष्यभर लोकांना सांगितली, तीच त्यांनी पाळली होती. आणि ज्यांना हाक मारावी अशी माणसं बहुतेकांना शेजारी नव्हती. ती त्यांनी नोटिसा आल्यावर शोधली.

हल्ली सातबारा वाचून घ्यायला, फेरफार समजून घ्यायला लोक माझ्याकडे येतात, टिटवाळ्याकडून, खडवलीकडून, कधी मुरबाडकडून. पूर्वी मी त्यांना म्हणायचो, अर्ज करा, पोच घ्या. आता आधी विचारतो, तुमच्या चारही बांधांवर कोण आहे, त्यांना हे सांगितलंय का? बरेच जण म्हणतात, नाही. मग मी अर्ज लिहून देतो, पण त्यांना आधी तिकडे पाठवतो.